सांगलीत रात्री बघण्यासारखं काय आहे? वाडे, पुतळे आणि नाटकांच्या रात्री

गावभागकर (धागाकर्ता)

मंडळी, मदत हवी आहे. पुण्याच्या मावसभावाची मुलगी आर्किटेक्चरच्या तिसऱ्या वर्षाला आहे. ती आणि तिच्या तीन मैत्रिणी ४ ते ६ नोव्हेंबर सांगलीत येतायत. दिवसा विलिंग्डन कॉलेजच्या बाजूला त्यांचं मोजमापाचं काम आहे, संध्याकाळी सहानंतर मोकळ्या. भाऊ फोनवर म्हणाला, "सहानंतर तू सांगलीत काय दाखवणार? भडंग खायला घाल आणि झोपव पोरींना."

मला मनापासून वाईट वाटलं. ज्या गावात मराठी नाटक जन्माला आलं, जिथे लोक रात्र रात्र जागायचे, त्या गावात रात्री दाखवायला काही नाही? माझं म्हणणं असं की सांगली दिवसा बघण्यापेक्षा अंधार पडल्यावर जास्त कळते. जुन्या इमारती, चौकातले पुतळे, आणि पूर्वी इथे लोक रात्री कशासाठी जमायचे, हे तिन्ही एका फेरीत कसं बसवू? मिरज धरली तरी चालेल. रिक्षाची सोय आहे.

भडंगप्रेमी

भडंगाचा असा अपमान सहन केला जाणार नाही. बाकी धागा वाचतोय.

कृष्णाकाठची

सुरुवात आयर्विन पुलावरून करा दादा. १९२९ सालचा पूल, त्या वेळच्या व्हाइसरॉयचं नाव. दिवे लागायच्या वेळेला पुलाच्या कमानी पाण्यात उलट्या दिसतात, तेव्हा घाटावर उतरून बघायचं. तिथून गणपती मंदिर चालत. सांगलीचे संस्थानिक चिंतामणराव आप्पासाहेबांनी बांधलेलं, काळ्या पाषाणाचं. शेजारती व्हायच्या आत पोचा. गर्दी ओसरलेली असते, पायाला फरशी गार लागते, आणि दगडाचे सांधे दिव्याच्या तिरक्या उजेडात जितके स्पष्ट दिसतात तितके दुपारी दिसत नाहीत.

रंगपट

अहो, तारखा परत वाचा की! ४ ते ६ म्हणजे ५ नोव्हेंबर मध्ये येते. मराठी रंगभूमी दिन. त्या संध्याकाळी पोरींना विष्णुदास भावे नाट्यमंदिरात न्यायचं, दुसरं काही सुचवायचीच गरज नाही. भावे गौरवपदक त्याच दिवशी देतात, पहिले मानकरी बालगंधर्व.

गावभागकर

रंगपट, तारीख डोक्यातच आली नाही. ५ तारखेची संध्याकाळ तुमची. पण एक सांगा, ज्यांना नाटकाचं काही माहीत नाही त्यांना तिथे काय दिसेल? समोर शेवटी एक नाट्यगृहच.

रंगपट

म्हणून आधी राजवाड्यासमोर उभं करा आणि गोष्ट सांगा. मी माझ्या भाच्यांना सांगतो तशी सांगतो.

१८४२ मध्ये कर्नाटकातल्या कारकीची भागवत मंडळी सांगलीत आली. त्यांचे खेळ बघून आप्पासाहेबांना वाटलं, असं आपल्या भाषेत झालं पाहिजे. हे काम त्यांनी पदरच्या विष्णुदास भाव्यांना सांगितलं. भावे मूळचे हातात कसब असलेले गृहस्थ, लाकडाच्या बाहुल्या घडवणारे. ५ नोव्हेंबर १८४३ ला 'सीतास्वयंवर' झालं.

आता तो खेळ डोळ्यांपुढे आणायचा. वीज नाही. तेलाचे दिवे आणि पलिते. आधी सूत्रधार येऊन गातो, मग विदूषक येऊन त्याला छेडतो. गणपती येतो, मोरावरची सरस्वती नाचत येते. मग कथा. पदं सगळी सूत्रधाराची, भाषणं पात्रं आयत्या वेळी करणार. नटांचे गट ठरलेले: देवपार्टी, राक्षसपार्टी, स्त्रीपार्टी. राक्षस आरोळी ठोकत यायचे, म्हणून पुढे या नाटकांना 'अललडुर्र' नाव पडलं. धुरात, हलत्या उजेडात, दहा हातांवरून तो रंगवलेला चेहरा अंगावर आला की पोरं आईच्या पदरात शिरत असणार.

१८५१ मध्ये आप्पासाहेब गेले आणि आश्रय सुटला. मंडळी गावोगाव फिरायला लागली, १८५३ मध्ये मुंबईत ग्रँट रोडच्या थिएटरात तिकीट लावून खेळ झाले. म्हणजे दरबारातली रात्र बाजारात आली, ज्याच्या खिशात पैसे तो आत. माझ्या मते मराठी माणसाच्या 'रात्री बाहेर जाण्याची' सुरुवात ही.

निशाचर

सुंदर लिहिलंय रंगपट. वाचनखूण साठवली.

वाळव्याचा

रंगपटदादा, राग मानू नका, पण एक बोलतो. सांगलीच्या रात्रीचा विषय निघाला की भावे, देवल, खाडिलकर इथंच गाडी थांबती. राजवाड्यात कोण बसत होतं? आणि बाहेर कोण होतं? आमच्या वाळवा तालुक्यात रेठरे हरणाक्षला १८६६ ला पठ्ठे बापूराव जन्मले. वाटेगावला १९२० ला अण्णाभाऊ. सांगलीपासून हाकेच्या अंतरावर कवलापूर, तिथला शिवा-संभांचा तमाशाचा फड आणि पुढं काळू-बाळू. जुळे भाऊ, दोघं हवालदाराच्या वेशात समोरासमोर आले की कोण कुठला ते कळायच्या आत तंबू हसून हसून आडवा. माझा आजा बैलगाडीनं जायचा बघायला. जत्रा, कनात, गॅसबत्त्या, ढोलकीची थाप, आणि पहाटं तांबडं फुटलं की उठायचं, थेट मोटंवर कामाला. ही पण रात्रच होती. ह्या कलावंतांसाठी काळ्या दगडाची इमारत कुणी बांधली नाही म्हणून ती फेरीतून वगळायची का?

रंगपट

राग कसला? बरोबर बोललात. मी लहानपणी कवलापूरच्या वाटेनं हजार वेळा गेलो आणि घरात हे नाव कुणी काढलं नाही. चुकलंच आमच्या पिढीचं.

गावभागकर

वाळव्याचा, हे धाग्यात यायलाच हवं होतं. पण कनात तर सकाळी गुंडाळली जाते. दाखवू काय?

वाळव्याचा

दाखवायला काही नाही हेच दाखवा की. मोकळं मैदान दाखवा आणि सांगा, इथं दोन हजार माणूस बसायचं. पोरी आर्किटेक्ट होणार आहेत ना? उद्या एखादी उभी करंल.

हरिपूरची_वाट

+१०० वाळव्याचा.

हरिपूर विसरू नका. कृष्णा-वारणेचा संगम, संगमेश्वराचं देऊळ, आणि गोविंद बल्लाळ देवलांचा पार. पारावर बसून ते लिहायचे असं गावात सांगतात. अंधार पडल्यावर संगमाचा आवाज वेगळा येतो. आणि जमिनीच्या पोटातली सांगली बघायची तर हळदीची पेवं. आमच्या घरचं पेव मी आत उतरून पाहिलंय. वर तोंड जेमतेम माणूस जाईल एवढं, आत रांजणासारखं फुगत गेलेलं. हळद भरायची, तोंड बंद करायचं, वर माती. आत हवा कमी, म्हणून कीड लागत नाही. पेव उघडलं की लगेच उतरायचं नाही, आधी कंदील सोडून बघायचा, विझला तर आत जीव गुदमरतो. २००५ च्या पुरात पाणी शिरलं आणि त्यातली कितीतरी कायमची गेली. वास्तुकलेच्या पुस्तकात ही नसतील, पण शहराचा पैसा यांच्यात होता.

भडंगप्रेमी

कंदिलाचं माहीत नव्हतं. माझ्या आजोळीही पेव होतं, आम्हा पोरांना जवळ फिरकू द्यायचे नाहीत. आज कळलं का ते.

ओतारी

पुतळ्यांबद्दल कुणीच बोललं नाही अजून. मी कोल्हापूरच्या बाजूला ओतकामात तीस वर्षं काढली, तेव्हा थोडं लिहितो.

पुतळा लांबून बघू नका, जवळ जा. ब्राँझचा मोठा पुतळा कधीच एका ओतात होत नाही. आधी लोखंडी सांगाडा, त्यावर शाडू. शिल्पकाराचं खरं काम इथे संपतं. त्यावरून प्लॅस्टरचा साचा, साच्यात मेणाचा पातळ थर, आत-बाहेर मसाला भरून भट्टीत ठेवलं की मेण वाहून जातं, आणि मेणाच्या जागी ब्राँझ जातं. पुतळा आतून पोकळ असतो. हात, धड, डोकं वेगवेगळं ओतून जोडायचं, मग छिन्नी आणि कानसीने सांधे मारायचे. काम चांगलं असेल तर सांधा बोटाला लागतो, डोळ्याला नाही. रात्री चौकातला दिवा एका बाजूने पडतो तेव्हा शेल्याची घडी, भुवई, हाताच्या शिरा नीट उठतात. मुलींना हे दाखवा.

आणि एक तळमळ आहे. जयंती आली की ब्राँझवर सोनेरी ऑइलपेंट मारतात. कुठल्या गावात ते लिहीत नाही, पुष्कळ ठिकाणी बघितलंय. धातूवर वर्षानुवर्षं जी काळपट-हिरवट झाक चढते ती घाण नव्हे, ती त्याची कातडी. रंगाचे चार थर बसले की छिन्नीचं काम बुजतं, डोळ्याच्या बाहुलीचा खड्डासुद्धा भरून जातो. मऊ फडकं, साधं पाणी, वर्षातून एकदा मेणाचा हात. एवढंच पुरतं हो.

निशाचर

ओतारीकाका, घोड्याचे दोन पाय वर असले तर स्वार लढाईत गेला, एक पाय वर असला तर जखमांनी गेला, असं असतं ना? तेही सांगता येईल मुलींना.

ओतारी

नाही बाळा, तसा नियम नाही. घोड्याचे पाय वजनावर ठरतात. दोन पाय वर घेतले तर सगळा भार मागच्या दोन पायांवर आणि शेपटीवर येतो, त्यात आतून जाड पोलाद घालावं लागतं, चौथऱ्यात खोल रोवावं लागतं. शिल्पकाराला आवेश किती हवा, समितीकडे पैसे किती आणि चौथरा केवढा, यावर ते ठरतं. गोष्ट छान आहे, पण मुलींना खरं सांगा.

कृष्णाकाठची

पुतळ्यांपैकी स्टेशन चौकातल्या वसंतदादांपाशी थांबाच. पण आधी गणेशदुर्ग किल्ल्याचा खंदक दाखवा, मग पुतळा. २४ जुलै १९४३ ला दादा आणि सोबतचे क्रांतिकारक सांगलीचा तुरुंग फोडून बाहेर पडले, तटावरून खंदकात उड्या टाकल्या, कृष्णेच्या दिशेने पळाले. अण्णासाहेब पत्रावळे आणि बाबूराव जाधव गोळीबारात गेले, दादांना गोळी लागली आणि पकडले गेले. माझे वडील आम्हाला तिथे उभं करून आधी ती दोन नावं म्हणायला लावायचे, मग दादांचं. चौथऱ्यावर एक माणूस असतो, पण उडी पुष्कळांनी मारलेली असते, हे मला त्या खंदकाने शिकवलं.

वाळव्याचा

ताई, काटा आला अंगावर. विश्रामबागला क्रांतिसिंह नाना पाटलांचा पुतळा हाय, कामावरून परत येताना पोरींच्या वाटंवरच लागंल.

मिरजेचा_तंबोरा

मिरजकर उशिरा आलो. आमच्याकडे रात्र सुरूच उशिरा होते.

मीरासाहेबांचा दर्गा. उरुसात पहिला मानाचा गलेफ (कबरीवर चढवायची चादर) चर्मकार समाजाचा, ही जुनी रीत आजही चालू आहे. उस्ताद अब्दुल करीम खाँसाहेब १९३७ मध्ये दक्षिणेत प्रवासात असताना गेले, त्यांना आणून इथेच दफन केलं. त्यांच्या स्मरणार्थ रात्र रात्र गाणं होतं, मोठमोठे गवई येऊन हजेरी लावतात. लोक जमिनीवर बसून ऐकतात. मी पाचवीत असताना आजोबांच्या मांडीवर झोपलो आणि पहाटे भैरवीने जाग आली. आजोबा रडत होते. मला वाटलं काहीतरी वाईट घडलं.

दर्ग्यापासून जवळच सतारमेकर गल्ली. संध्याकाळी दुकानं उघडी असतात. पंढरपूरकडचा कडू भोपळा वाळवून, पोखरून, त्याला लाकडाचा गळा बसवायचा, वर नक्षी, मग तारा. शेवटचं काम जवारीचं. तारा जिच्यावरून जातात त्या घोडीवर कानस इतकी हलकी फिरवायची की तार तिला जेमतेम टेकून थरथरली पाहिजे. कारागीर एक घास काढतो, तार छेडतो, कान लावतो, मान हलवतो, पुन्हा घास. रस्त्यावर गाड्यांचा कल्लोळ असतो आणि त्याचं सगळं लक्ष त्या केसाएवढ्या फटीत. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण आर्डर तर त्याआधी दीडशे वर्षं देशभरातून येतायत.

आणि १९०५ मध्ये बालगंधर्व किर्लोस्कर नाटक मंडळीत शकुंतला म्हणून पहिल्यांदा उभे राहिले ते मिरजेत, हंसप्रभा थिएटरात. आता त्या जागी बालगंधर्व नाट्यगृह आहे. त्यांच्या कानाचं दुखणं मिरजेतच डॉ. वॉनलेसांनी बरं केलं, शाहू महाराजांनी पाठवलं होतं. मिशन हॉस्पिटल १८९४ चं. म्हणजे कान आणि गाणं, दोन्ही इथलंच.

रंगपट

सांगली जन्म देते, मिरज गळा देते. मान्य केलं एकदाचं.

मिरजेचा_तंबोरा

हे सांगलीकराने लिहून दिलंय, स्क्रीनशॉट काढून ठेवला.

निशाचर

मिरजेच्या विसर्जनाच्या कमानी पण! रस्त्यावर उभ्या राहतात, एका मिरवणुकीपुरत्या. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत मिरवणूक चालते. नोव्हेंबरात नाही दिसणार, पुढच्या गणपतीला बोलवा मुलींना.

जुनाखांब

मी वेगळ्या कारणाने लिहितोय. आमचा वाडा गावभागात, सागवानी खांबांचा, भिंती पांढऱ्या मातीच्या. २०१९ ला आयर्विनपाशी पाणी ५७ फुटांच्या पुढे गेलं, वाड्यात चार दिवस होतं. ओसरल्यावर गवंडी म्हणाला सिमेंटचा गिलावा मारू, शंभर वर्षं बघायला नको. आम्ही ऐकलं. वर्षभरात भिंतीला फोड आले, बोट लावलं की मिठासारखी भुकटी. मातीची भिंत पाणी पिते आणि बाहेर सोडते. सिमेंटने तिचं तोंड दाबलं, ओल आतच राहिली, आणि एका खांबाचं बूड कुजलं. त्या रात्री मी खांबाला हात लावून बसलो होतो, आजीच्या हातानं गुळगुळीत झालेली जागा होती ती.

मग सगळा गिलावा काढला. चुना महिनाभर भिजवला, त्यात वाळू, विटांची भुकटी, गुळाचं आणि बेलफळाचं पाणी. हाताने मळून पातळ थर, प्रत्येक थर वाळेपर्यंत थांबायचं. २०२१ ला पुन्हा पाणी आलं. भिंत ओली झाली, उन्हाळ्यापर्यंत वाळली, फोड नाही.

मुलींना दिंडी दरवाजा, चौक, तक्तपोशी (लाकडी छत) बघायची असेल तर आमच्याकडे आणा. दरवाजाच्या चौकटीवर पुराच्या रेघा आहेत, वडिलांनी सुताराच्या पेन्सिलीने ओढायला सुरुवात केलेल्या. २००५ ची उंबऱ्यापासून तीन फुटांवर. २०२१ ची तिच्या थोडी वर. २०१९ ला वडील नव्हते, तेव्हापासूनच्या मी ओढल्या.

गावभागकर

जुनाखांब, नक्की आणतो. पत्ता व्यक्तिगत निरोपात पाठवा.

असं ठरवलंय. ४ ला आयर्विन, घाट, गणपती, मग तुमचा वाडा. ५ ला राजवाडा, खंदक, भावे नाट्यमंदिर, परत येताना स्टेशन चौक. ६ ला लवकर निघून कवलापूरच्या रस्त्याने मैदान, मग मिरज. हरिपूर यात बसत नाही, जीव हळहळतोय.

हरिपूरची_वाट

पहाटे पाचला बसतं. पहाटही रात्रीचाच भाग. मी पारापाशी चहा घेऊन थांबते.

भडंगप्रेमी

मी भडंग घेऊन.

गावभागकर

धागा वर काढतोय. मुली काल परत गेल्या.

ओतारीकाका, स्टेशन चौकात चौघींनी अर्धा तास पुतळ्याच्या सांध्यांवरून वाद घातला, रिक्षावाला पण सामील झाला. रंगपट, राजवाड्यासमोर गोष्ट सांगितली, मला तुमच्यासारखी आरोळी जमली नाही, पण एकीने ठोकली आणि समोरच्या घरातल्या आजी खिडकीत आल्या. वाळव्याचा, मैदानावर पुतणी गप्पच झाली. तिथे कनात कशी बांधायचे, खांब किती, लोक कुठून आत यायचे, हे तिला हवंय. तुमच्या ओळखीत फडात काम केलेलं कुणी असेल तर भेट घालून द्या, ती डिसेंबरात एकटी येणार आहे.

जुनाखांबांच्या वाड्यात बाकीच्या तिघी तक्तपोशीचे फोटो काढत होत्या. पुतणी चौकटीपाशी उभी राहिली, टाचा उंचावून हात वर केला. बोटं २०१९ च्या रेघेच्या खालीच राहिली. काकूंनी आतून पाट आणून दिला.

वाळव्याचा

गावभागकरदादा, आमच्या आळीत एक म्हातारबा हायत, कनातीच्या खुंट्या ठोकायचं काम केलेलं. ऐकायला कमी येतं, पण खांब सगळे पाठ. नंबर निरोपात पाठवलाय. पोरीला म्हणावं दुपारच्याला ये, रात्री लवकर झोपतात आता.